वाघोबाच्या शिवेवर

पालघरच्या पाड्यांपासून अकोले-जुन्नरच्या मावळापर्यंत, गावाच्या शिवेवर, खिंडीच्या तोंडाशी किंवा ओढ्याकाठच्या जुन्या झाडाखाली शेंदूर फासलेली एखादी लाकडी फळी किंवा दगड उभा दिसतो. फळीच्या वरच्या अंगाला सूर्य आणि चंद्र कोरलेले असतात आणि खाली वाघ. वर छप्पर असतेच असे नाही. पुढ्यात फुटक्या नारळाच्या करवंट्या, विझलेल्या उदबत्त्या आणि कधी कोंबड्याची पिसे पडलेली असतात. हा वाघोबा, कुठे वाघदेव, कुठे नुसता वाघ्या. वारली, महादेव कोळी, ठाकर, कोकणा अशा अनेक समाजांचा हा देव आहे. हिंस्र जनावराच्या शेजारी पिढ्यान्‌पिढ्या राहण्याचा जो व्यवहार या मुलखात ठरत गेला, त्याची सर्वांत जुनी आणि सर्वांत ठळक खूण हीच.

या व्यवहाराच्या जुन्या नोंदी वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. मराठी बोलीत ‘वाघ’ म्हणजे पट्टेरी वाघ आणि बिबट्या, दोन्ही. फरक करायची वेळ आलीच तर मोठ्याला ढाण्या किंवा पट्टेरी म्हणतात, धाकट्याला बिबट्या, बिबळ्या; एरवी ‘रात्री वाघ आला होता’ एवढ्यावर काम भागते. वाघबीळ, वाघदरी, वाघेरी, वाघजाई ही स्थळनावे आणि देवतानामे, वाघमारे, वाघमोडे ही आडनावे या दोघांपैकी नेमकी कोणामुळे पडली हे म्हणूनच सांगता येत नाही. उत्तर सह्याद्रीतून पट्टेरी वाघ विसाव्या शतकात जवळपास नाहीसा झाला. देव मात्र तसाच राहिला आणि त्याच्या पाटावर बिबट्या येऊन बसला.

वारल्यांत वाघोबाच्या जन्माची कथा थोड्याफार फरकाने सगळीकडे ऐकू येते. एका कुमारिकेला मूल झाले. ते माणसाचे होते आणि वाघाचेही. रूप बदलायचे, गावातली गुरे खायचे. गावकरी आईकडे तक्रार घेऊन गेले. आईने तोड काढली ती अशी, की मुलाने रानात जावे, गावाने त्याचे ठाणे मांडावे आणि वर्षातून एकदा त्याला त्याचा वाटा द्यावा. बदल्यात त्याने माणसांना आणि गुरांना सांभाळावे. कथेत कोणी कोणाला मारत नाही, कोणी पळूनही जात नाही. दोन शेजाऱ्यांत बांधावरून भांडण व्हावे आणि पंचांनी ते मिटवावे, तसा हा निवाडा आहे. वाटा चुकला तर वाघ येतो, आणि आला तर आपलेच काही चुकले असणार, असे मानले जाते.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईत राहिलेले स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी उत्तर कोकणातल्या वारल्यांना त्यांच्या देवाबद्दल विचारले होते. मिळालेली उत्तरे अगदी रोकडी होती. देव म्हणजे शेंदूर लावलेला दगड. त्याला कोंबडी-बकरी द्यायची, नारळ फोडायचा, तेल घालायचे. तो वाघापासून राखतो, पीक चांगले देतो, रोगराई दूर ठेवतो. विल्सन यांना यात धर्मतत्त्व सापडले नाही, आणि ते शोधत होते त्या अर्थाने ते तिथे नव्हतेही. तिथे करार होता, त्यातली देणी-घेणी दोन्ही बाजूंना ठाऊक होती.

कराराचा हप्ता भरायचा दिवस म्हणजे वाघबारस, अश्विन वद्य द्वादशी. याच तिथीला देशावर वसुबारस असते आणि गाय-वासराची पूजा होते. म्हणजे एकाच दिवशी एका मुलखात गाईला ओवाळले जाते आणि डोंगरात तिला खाणाऱ्याला नैवेद्य मिळतो. अकोले-जुन्नरच्या आदिवासी गावांत हा दिवस मुख्यतः गुराख्यांचा. घरोघरून तांदूळ, दूध, गूळ गोळा होतो, वाघोबापाशी चूल मांडून खीर शिजते, नवस असेल तर कोंबडा किंवा बोकड कापला जातो. काही गावांत एका पोराला वाघ बनवतात. त्याला विचारतात, ‘आमच्या शिवारात येशील का?’ तो नाही म्हणतो, आणि मग सगळी पोरे ओरडत त्याला शिवेपार पिटाळून लावतात. तारीखही मोठी अचूक आहे. पावसाळा संपलेला, गवत पुरुषभर वाढलेले, भात कापणीला आलेला, गुरे दूरच्या रानात चरायला जाऊ लागलेली आणि दिवस लहान होत चाललेला. बिबट्याशी गाठ पडण्याचे दिवस सुरू होतात तेव्हाच त्याची आठवण काढली जाते.

२०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांत वाघोबाची १५० ठाणी नोंदवली गेली. काहींच्या शेजारून आता रेल्वे जाते, काही कारखान्यांच्या कुंपणाला लागून आहेत. मात्र या देवामुळे आदिवासी बिबट्यावर प्रेम करतात असा अर्थ काढणे भाबडेपणाचे ठरेल. मराठीतली म्हण त्याबाबत पुरेशी स्पष्ट आहे: वाघ म्हटले तरी खातो, वाघोबा म्हटले तरी खातो. नैवेद्य दिला म्हणून कोणी गोठ्याचे दार उघडे टाकून झोपत नव्हते.

देवाच्या खालोखाल, खरे तर रोजच्या हिशेबात देवाच्याही वर, गोठ्याचे स्थान होते. डोंगरी भागातल्या जुन्या घरात गोठा वेगळा नसे. कारवीच्या काटक्यांचा कुड, त्यावर शेण-मातीचा लेप, आणि एकाच छपराखाली एका अंगाला माणसे, दुसऱ्या अंगाला गुरे. मध्ये चूल. बैलांच्या श्वासाची ऊब थंडीत घराला मिळे आणि चुलीचा धूर गोचीड-माशांना हाकलून लावी. पण या रचनेचे आणखी एक कारण रात्री बाहेर फिरत असे. शेळ्यांची करडे आणि कोंबड्या पाटीखाली किंवा डालग्याखाली झाकल्या जात. दार लहान, वाकून आत शिरावे लागेल असे. अंगणात कुत्रा, आणि त्या कुत्र्यावर रात्रीची सगळी भिस्त. त्यालाच बिबट्या आधी उचलत असे, हेही सर्वांना माहीत होते.

दिवसाचा कारभार गुराख्याकडे. गावची गुरे एकत्र करून रानात न्यायची, सूर्य कलायच्या आत पाणवठ्यावरून फिरवून परत आणायची. गुरांच्या गळ्यात घाटी, घुंगुरमाळ. पाय आपटत, हाळ्या देत चालायचे, वळणावर आवाज करायचा, एकट्याने मागे राहायचे नाही. आवाजाचा हा नियम रानातून जाणाऱ्या प्रत्येकाला लागू होता. टपाल पायी नेणारे हरकारे हातातल्या काठीला किंवा भाल्याला घुंगरे बांधत आणि वाईट वाटेवर सोबत मशालवाला घेत. शेतकऱ्याच्या हातातली घुंगुरकाठीही याच कुळातली. त्या आवाजाने जनावर भिते असे लोक सांगतात. जास्त नेमके सांगायचे तर, त्याला आधी कळते आणि ते बाजूला होते. बिबट्याचा माणसावरचा हल्ला पुष्कळदा दोघांनाही नको असलेल्या गाठीतून होतो. चाहूल लागली की ती गाठ टळते.

सर्वांत तरबेज व्यवस्था फिरस्त्या धनगरांची होती आणि अजून आहे. मेंढ्यांना भिंत नसते, आज या शेतात तर उद्या त्या शेतात वाडा बसतो. संध्याकाळी मोकळ्या रानात खुंट्या ठोकून सुताची किंवा दोरीची जाळी गोल ताणली जाते. तिला वाघर म्हणतात. शब्दात वाघ दिसतो खरा, पण मूळ संस्कृत ‘वागुरा’, म्हणजे जाळे. तरी धनगराला ही व्युत्पत्ती सांगून फारसा उपयोग नाही, कारण त्याच्या लेखी वाघर वाघ-लांडग्यासाठीच आहे. जाळीच्या आत मेंढ्या दाटीवाटीने, कडेला बाजेवर किंवा जमिनीवरच घोंगडी अंथरून माणसे, आणि जाळीबाहेर कुत्री. या कुत्र्यांच्या गळ्यात जाड पट्टा असतो, त्यातून लोखंडी खिळे बाहेर निघालेले. लांडगा आणि बिबट्या दोघेही नरडे धरतात. खिळ्यांचा पट्टा असला की पहिली झडप वाया जाते, आणि तेवढ्यात वाड्यावरचे लोक उठतात. घोड्यावर प्रपंच लादून शेकडो मैल फिरणाऱ्यांनी सामानात जी थोडी लोखंडी वस्तू बाळगली, त्यात कुत्र्याचा हा पट्टा होता, यावरून त्याची किंमत कळते.

पूर्व विदर्भात गाठ खऱ्या पट्टेरी वाघाशी होती. तिथली आठवण वेगळ्या प्रकारची. चंद्रपूर जिल्ह्यातल्या ताडोबाचे नाव तारू नावाच्या गावप्रमुखावरून पडले असे गोंड परंपरा सांगते. वाघाशी झुंजताना तो मारला गेला आणि तळ्याकाठच्या झाडाखाली त्याचा देव झाला. पौषात तिथे जत्रा भरत आली आहे. सह्याद्रीत पूजा वाघाची झाली, इथे वाघाने मारलेल्या माणसाची. मोह वेचायला पहाटे जाणे, तेंदूची पाने खुडायला उन्हाळ्यात रानात वाकून काम करणे, यावर ज्या मुलखाचे पोट आहे तिथे झुंजीत गेलेला माणूस देव व्हावा हे समजण्यासारखे आहे. वाकलेला किंवा बसलेला माणूस वाघाच्या नजरेत माणसासारखा दिसत नाही. आजही त्या भागातले बरेच बळी अशा कामातच जातात.

इंग्रजी अंमल आला आणि हिंस्र जनावर या सगळ्या बंदोबस्तातून उचलले जाऊन सरकारी यादीत गेले. कंपनी सरकारच्या दृष्टीने वाघाचे रान म्हणजे पडीक महसूल. खानदेशात भिल्लांची पलटण उभारणारा जेम्स आउट्रम १८२५ नंतरच्या दहा वर्षांत जवळपास दोनशे वाघांच्या शिकारीत हजर होता. अजिंठ्याची लेणी १८१९ साली युरोपियनांच्या दृष्टीस पडली तीही जॉन स्मिथ नावाच्या अधिकाऱ्याच्या वाघाच्या शिकारीत. पुढे शिकारीला बक्षिसाची जोड मिळाली. कातडे किंवा मुंडके कचेरीत हजर करायचे, पैसे घ्यायचे. दर जनावरागणिक ठरलेला: वाघ महाग, बिबट्या त्याखाली, लांडगा त्याहून स्वस्त. इतिहासकार महेश रंगराजन यांनी सरकारी आकड्यांवरून काढलेल्या हिशेबाप्रमाणे १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत हिंदुस्थानात ८०,०००हून अधिक वाघ, दीड लाखाहून अधिक बिबटे आणि दोन लाख लांडगे बक्षिसासाठी मारले गेले.

याच काळात, १८७८च्या शस्त्र कायद्याने, गावकऱ्याच्या हातातली बंदूक परवान्याच्या जाळ्यात अडकली. त्रास देणारे एखादे जनावर गावाने हाका घालून मारावे ही जुनी रीत मागे पडत गेली. तक्रार मामलेदाराकडे आणि बंदूक साहेबाकडे, अशी वाटणी झाली. वाघ हा गावाचा प्रश्न राहिला नाही, सरकारचा झाला. पुढच्या शंभर वर्षांत सरकारचे धोरण पार उलटे झाले, पण ही वाटणी तशीच राहिली. आजच्या अनेक भांडणांचे मूळ तिच्यात सापडते.

दुसरा मोठा बदल पाण्याने केला. प्रवरेवरचे भंडारदरा धरण १९२६ साली पुरे झाले आणि कालव्याखालच्या नगर जिल्ह्यात ऊस वाढला. १९५०च्या सुमारास लोणीजवळ विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने पहिला यशस्वी सहकारी साखर कारखाना उभा राहिला. नंतर कुकडी प्रकल्पाची धरणे झाली, येडगाव, माणिकडोह, डिंभे, वडज, पिंपळगाव जोगे; आणि जुन्नर, आंबेगाव, शिरूरच्या ज्या माळांवर बाजरी-मटकी होत होती तिथे हिरव्या भिंती उभ्या राहिल्या.

बिबट्याच्या दृष्टीने ऊस म्हणजे काय, हे पिकाच्या वेळापत्रकावरून कळते. आडसाली ऊस जुलै-ऑगस्टात लागतो आणि दीड वर्षाने तुटतो. सुरू ऊस बारा महिन्यांचा. तुटल्यावर त्याच बुडख्यातून खोडवा. तेव्हा शिवारात वर्षाच्या कुठल्याही दिवशी डोक्याहून उंच, सावलीचा, ओलसर आणि माणूस क्वचितच शिरतो असा फड सापडतोच. पाटात पाणी, फडात रानडुक्कर, बांधावर ससा-घूस, वस्तीवर कुत्री, कोंबड्यांच्या शेडबाहेर मेलेल्या पक्ष्यांचा ढीग. मादी तीन-साडेतीन महिन्यांत विते, एका वेळी दोन-तीन पिल्ले देते, आणि ती पिल्ले आडसाली उसात चांगली मोठी होईपर्यंत कोयता येत नाही. उसात जन्मलेल्या बिबट्याला डोंगर म्हणजे काय ते माहीतही नसते. ‘बिबट्या जंगलातून गावात आला’ हे वाक्य वर्तमानपत्रांत अजून छापले जाते, पण जुन्नर-शिरूरच्या कित्येक बिबट्यांपुरते ते चूक आहे.

माणसांच्या वस्तीचा आकारही याच काळात बदलला. विहिरीला मोटार बसली तसा शेतकरी गावठाणातली घट्ट वस्ती सोडून मळ्यात राहायला गेला. गावाला वेस होती, गल्ल्या होत्या, चार घरे जवळ होती. मळ्यातली वस्ती एकटी, तिच्या तिन्ही बाजूंना ऊस. पत्र्याचे शेड उघडे, शेळ्या अंगणातल्या खुंटीला. या नव्या शेतकऱ्याकडे वाघोबा बहुधा नव्हता. बिबट्याशी जमवून घेण्याची जुनी शिस्त डोंगरात राहिली आणि बिबट्या बागायतीत आला, असे थोडक्यात म्हणता येते.

१९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बिबट्याला पहिल्या अनुसूचीत जागा दिली. बक्षिसाची शंभर वर्षे संपली; आता तो मारणे हा गुन्हा ठरला. वन खात्याच्या हाती उरला पिंजरा. लोखंडी गजांची लांबट पेटी, मागच्या बाजूला जाळीने वेगळा केलेला कप्पा, त्यात शेळी किंवा कुत्रे. पुढे वरून सरकत पडणारे दार आणि तळाला फळी. फळीवर पाय पडला की खटका सुटून दार कोसळते. गावाला पिंजरा आलेला दिसला म्हणजे सरकारने काहीतरी केले असे वाटे, आणि बिबट्या सापडला की वाजतगाजत गर्दी जमे. प्रश्न पुढचा होता. पकडलेले जनावर न्यायचे कुठे?

जुन्नर वन विभागात २००१ नंतर त्याचे उत्तर मोठ्या प्रमाणावर दिले गेले: जवळच्या जंगलात नेऊन सोडायचे. जीवशास्त्रज्ञ विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी त्याचा परिणाम तपासला. बिबटे सरासरी ३९.५ किलोमीटर दूर नेले जात होते. मोहिमेपूर्वी, १९९३ ते २००१ या काळात, विभागात माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत. मोहीम सुरू झाल्यावर ते सतरावर गेले आणि जीवघेण्या हल्ल्यांचे प्रमाण दुप्पट झाले. ज्यांना हलवले त्यांनी बहुतेक कोणालाही इजा केलेली नव्हती. ते नुसते दिसले होते, किंवा शेळी नेली होती.

असे का झाले याचे एक कारण जनावराच्या स्वभावात आहे. बिबट्याला आपला इलाखा पाठ असतो: कुठल्या वस्तीवर कुत्रे बांधलेले असते, कुठली वाट रात्री नऊनंतर मोकळी होते, पाटाच्या मोरीखालून कसे निसटायचे. त्या ज्ञानावर तो माणसांना टाळून जगतो. पिंजऱ्यात दात-नखे मोडून घेतलेला, माणसांच्या गराड्यात भेदरलेला असा बिबट्या अनोळखी रानात सोडला, की त्याला ना रान ठाऊक ना तिथली माणसे. इकडे रिकाम्या झालेल्या इलाख्यात दुसरा, बहुधा तरणा, येऊन बसतो. म्हणजे एका ठिकाणचा जाणता काढायचा आणि दोन ठिकाणी अजाण नेऊन ठेवायचे. मुंबईत संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाभोवती २००२ ते २००४ या काळात हल्ल्यांनी कहर केला, तिथेही बाहेर पकडलेले बिबटे आणून सोडले जात होते. ज्यांना सोडणे शक्यच नव्हते त्यांच्यासाठी माणिकडोहला निवारा केंद्र झाले, आणि काही जनावरांचे उरलेले आयुष्य तिथल्या गजांआड गेले.

अकोले तालुक्यात नंतर झालेल्या कामाने चित्र आणखी उलगडले. प्रवरेच्या खोऱ्यात दर चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसे राहतात, खरे जंगल नाही, हरणे नाहीत. तिथे झाडांना आणि बांधांना स्वयंचलित कॅमेरे लावल्यावर दर १०० चौरस किलोमीटरला ४.८ प्रौढ बिबटे आणि जवळपास तेवढेच तरस आढळले. हा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. अभ्यासाच्या काळात या खोऱ्यात बिबट्याने माणूस मारल्याची घटना नव्हती. त्यांच्या विष्ठेवरून काढलेला आहारही बोलका आहे. वजनाने ८७ टक्के खाद्य पाळीव जनावरांचे. त्यात एकटी कुत्री ३९ टक्के, तर शेळ्या फक्त ११. वास्तविक त्या भागात शेळ्या कुत्र्यांपेक्षा कितीतरी जास्त आहेत. पण शेळी रात्री दाराआड असते आणि कुत्रे उकिरड्यावर. कुडाच्या गोठ्याने जे काम केले होते ते अजून चालू असल्याचा याहून चांगला पुरावा मिळणे कठीण.

याच काळात २००९ साली पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरला विहिरीतून काढलेल्या एका वयस्कर नर बिबट्याच्या गळ्यात उपग्रहाशी जोडलेली कॉलर बांधली गेली. लोकांनी त्याला आजोबा म्हटले. माळशेज घाटात सोडल्यावर तो तिथे थांबला नाही. शेते, महामार्ग, रेल्वेचे रूळ ओलांडत, शेवटी वसईची खाडी पार करून, महिन्याभरात सुमारे १२० किलोमीटर चालून तो संजय गांधी उद्यानाच्या नागला भागात पोहोचला. वाटेत कोणाला ओरखडा नाही, बहुतेकांना पत्ताही नाही. दोन वर्षांनी मुंबई-अहमदाबाद महामार्गावर वाहनाच्या धडकेत तो मेला. २०१४ साली त्याच्यावर मराठी चित्रपट निघाला.

केंद्र सरकारने २०११ साली बिबट्यांविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि सरसकट पकडून दूर सोडण्याला आळा घातला. कामाची तऱ्हा हळूहळू बदलली. ऊसतोड सुरू झाली की फडात पिल्ले सापडतात. पूर्वी ती मजुरांच्या कोपीवर किंवा थेट वन खात्याच्या कचेरीत पोहोचत, आणि पिसाळलेली मादी रात्रभर शिवार पिंजून काढी. आता तपासणी करून पिल्ले संध्याकाळी त्याच जागी एका क्रेटमध्ये ठेवतात, माणसे लांब होतात, आणि बहुतेक वेळा रात्री मादी येऊन एकेक उचलून नेते. बिनकठड्याच्या विहिरीत पडलेल्या बिबट्यासाठी बाजेला चारी कोपऱ्यांना दोर बांधून ती पाण्यावर सोडायची, दमलेला बिबट्या तिच्यावर चढून बसतो, मग पिंजरा उतरवायचा. ही युक्ती आता तालुक्यातल्या पोरासोरांनाही ठाऊक आहे. विहिरीला कठडा बांधणे हा जास्त सोपा उपाय, पण तो तितका लोकप्रिय झालेला नाही.

गुरे मारली गेल्यास भरपाई मिळते, माणूस गेल्यास कुटुंबाला मिळणारी रक्कम २५ लाखांपर्यंत वाढली आहे. भरपाईचा पंचनामा वेळेवर झाला तर गावाचा राग आटोक्यात राहतो. तो झाला नाही तर काय होते याचे उदाहरण गोव्यात आहे. तिथेही वेळीप समाजात वाघ्रो हा देव आहे, सत्तरीत वाघेरी नावाचा डोंगर आहे. तरीही जानेवारी २०२० मध्ये म्हादई अभयारण्यातल्या गोळावली गावी गुरे मारल्याच्या संतापातून वाघीण आणि तिचे तीन बछडे विष घालून मारले गेले.

पुणे-नगर पट्ट्यातला आजचा पेच बराचसा विजेच्या वेळापत्रकात अडकला आहे. शेतीपंपांना वीज आळीपाळीने, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की शेतकऱ्याला बिबट्याच्या ऐन वेळेला उसात उतरावे लागते, बॅटरी एका हातात, खोरे दुसऱ्या हातात, बारे धरायला वाकून. घुंगुरकाठी गेली, मोबाइलवर गाणी लावून ठेवतात. दिवसा वीज द्या ही मागणी बिबट्यामुळे जास्त धारदार झाली आहे.

२०२५च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात महिन्याच्या आत तीन माणसे गेली, दोन लहान मुले आणि एक वृद्धा. लोकांनी महामार्ग अडवला. वन खात्याने एक बिबट्या गोळी घालून मारला, पिंजऱ्यांची संख्या वाढवली, आणि जुन्नर भागातल्या काही माद्यांच्या नसबंदीचा प्रयोग करायला केंद्राची परवानगी मिळाली. त्याच दिवसांत गावातले पुरुष आणि बायका शेतात जाताना गळ्यात पट्टे घालू लागल्या. जाड पट्टा, त्यातून बाहेर निघालेले लोखंडी खिळे, धनगराच्या कुत्र्याच्या गळ्यात असतात तसे.